दोन्ही अंगांनी कोरलेला दगड

मी हवापालट करायला कुठे जात नाही. माझं मिरजेत जुन्या लाकडाचं आणि दगडाचं दुकान आहे. पाडलेल्या घरांचे दरवाजे, तुळया, जाती, पायऱ्यांचे घडीव दगड घ्यायचे आणि नव्या बंगल्याला ज्यांना जुनं तोंड हवं असतं त्यांना विकायचे, हा धंदा. सायकलच्या कॅरियरला दोन चौकटी बांधून सुरुवात केली. आज माझा स्वतःचा ट्रक आहे. एक नियम मला कोणी शिकवला नाही, मीच शिकलो. वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय भाव सांगायचा नाही. पुढून सगळ्याच चांगल्या दिसतात.

रायगडच्या किनाऱ्यावर चार दिवस राहिलो ते या धंद्यापायीच. तिथलं सांगायला लागलो की घरचे म्हणतात, तुम्ही आधी चिडता आणि मग बघता. असेल तसं. म्हणून शांतपणे, क्रमाने लिहितो.

रेवदंडा, पहिला दिवस

ताम्हिणी उतरून, माणगावला चहा घेऊन, रोह्यावरून दुपारी रेवदंड्यात पोचलो. हे गाव एका किल्ल्याच्या पोटात आहे. डांबरी रस्ता तटबंदी फोडून आत शिरतो आणि आत माड-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं, विहिरी. हा किल्ला पोर्तुगीजांचा. त्यांच्या बिनछपराच्या चर्चच्या भिंती वाड्यांमध्ये अजून उभ्या आहेत. कुणाच्या भिंतीवर पडवळाचा वेल, कुणाच्या कमानीला गाय बांधलेली. आमच्याकडे किल्ला म्हणजे डोंगरावर, वर चढून बघायचा. इथे किल्ल्यात कपडे वाळत असतात.

मला बोलावलं होतं प्रकाशने. वय पस्तिशीचं, न्हावा शेव्याला कंटेनरच्या गाड्या चालवून आता स्वतःच्या सहा गाड्या झालेला. त्याची काकू, हिराकाकू, या वाडीत एकटी राहते. नवरा वारला, मूल नाही. वाडीचा सातबारा तिच्या नावावर. प्रकाशला पाच फुटी, काळा, जुना घडीव खांब हवा होता. "नवा वाटता कामा नये, शेट," एवढंच त्याने फोनवर सांगितलं होतं. असल्या मागण्या मला रोज येतात.

गाडी समुद्राच्या बाजूने आणली आणि पुळणीत रुतली. काळी वाळू, वरून घट्ट दिसते. प्रकाश हसत म्हणाला, "शेट, इधर सब फसते. पोर्तुगीज भी फसले." चार जणांनी ढकलून काढली तोवर माझा पारा चढलेला होता.

हिराकाकूने मात्र जेवायला बसवलं आणि राग उतरला. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलांचं कालवण, वालाचं बिरडं. आमच्या ज्वारीच्या भाकरीला वास असतो, या भाकरीला नसतो. ती कालवणाला वाट देऊन बाजूला होते. मी पाच खाल्ल्या.

"लाजू नका दादा," काकू म्हणाली. "देशावरची मानसं भाकरीला लाजत न्हाईत आसं आयकलंय."

जेवल्यावर वाडी पाहिली. तिथे पहिल्यांदा मला चमत्कारिक वाटलं. समुद्र शंभर पावलांवर, पण वाडीत त्याचा आवाज येत नाही. माडांचे शेंडे वर सारखे हलतात आणि खाली पानही हलत नाही. काकूच्या माडांना नावं आहेत. थोरला, वाकडा, सासूबाईंचा. समुद्राकडच्या टोकाला, पोफळीखाली, एक पाच फुटी काळा दगड आडवा पडलेला होता. वर ढाल कोरलेली, ढालीवर क्रूस, भोवती दोर पिळल्यासारखी नक्षी. दगडासमोर एक बशी होती आणि बशीत वाळलेला अर्धा पाव.

"हा राखणदार," काकू म्हणाली. "वाडीचा राखनवाला. फिरंगी हाय."

कोकणात प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो, त्याला वर्षातून एकदा मान द्यावा लागतो, हे मला माहीत होतं. बहुधा भात, नारळ, कोंबडा देतात. फिरंगी राखणदार पहिल्यांदाच पाहिला.

"त्याला भात न्हाय चालत," काकू म्हणाली. "पाव लागतो आन घोटभर दारू. हंगामाचा पयला नारल पाडायच्या आधी बाप्या मानसानं त्याला सांगायचं, बाबा, पाडतो हाय. आमचे हे सांगायचे. मंग ह्यो सांगायचा." तिने प्रकाशकडे पाहिलं. "आता दोन वर्सं झाली, न्हाय सांगत."

"परकीय भुताला कशाला विचारायचं काकू? जागा आपली आहे," प्रकाश म्हणाला.

"आपली हाय म्हनून तर इचारायचं. दुसऱ्याची आसती तर कशाला इचारलं आसतं?"

मी हसलो. प्रकाश हसला नाही.

कोर्लई, दुसरा दिवस

सकाळी प्रकाशला पनवेलला काम होतं, म्हणून मी खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. समुद्रात घुसलेला डोंगर आणि त्याच्या पाठीवर लांबट किल्ला. दीपगृहापासून चढलो, एका निसटत्या पायरीवर गुडघा फोडून घेतला. वर देवळाएवढं चर्च, छप्पर नाही. भिंतीत शिलालेख, वर राजाचं ढालीचं चिन्ह. काकूच्या दगडावर होतं तसंच.

पायथ्याच्या गावात ख्रिस्ती वस्ती आहे. तिथले लोक घरात अजून पोर्तुगीजातून मोडून आलेली एक बोली बोलतात. मला भेटला पावलू नावाचा म्हातारा, जाळं विणत बसलेला. माझ्याशी मराठीत बोलत होता आणि मधेच कुत्र्याला त्या बोलीत रागवत होता. कुत्र्याला कळत होतं, मला नव्हतं.

मी विचारलं, "हे लोक एवढ्या लांबून इथे कशाला आले हो? मिरी घ्यायला?"

"मिरी तर हायच. पन मिरीसाठी मानूस येवढं बांधत न्हाय." त्याने डोंगराकडे मान वळवली. "त्यांच्या राजाला वाटायचं, देवानं सांगितलंय. ह्यो समुंदर तुझा, आन समुंदराच्या कडंला जे काय आसंल तेबी तुझंच. थोरल्या धर्मगुरूनं जगावर रेघ वडून दिली, इकडचं तुला, तिकडचं दुसऱ्याला. इथल्या मानसाला कोन इचारतंय? देवानं दिल्यावर इचारायचं कुनाला?"

"आणि मग?"

"मंग काय. देवानं दिलेलं एका दिसात गेलं. शिपाय लोक बोटीत बसले. आमाला म्हनाले, येतो." त्याने दोरा दातांनी तोडला. "आमी अजून हितंच हाव."

हे त्याने विनोदाने सांगितलं की कसं, मला कळलं नाही.

परतताना मला सारखे माझे वडील आठवत होते. हे लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वारणाकाठी आमची विहीर होती, वडिलांनी स्वतः खणलेली. एका सकाळी चुलत्याने गावात सांगितलं की त्याला दृष्टांत झाला: देव म्हणतो, माझं ठाण विहिरीपाशी आहे. लोक गेले, खणलं, हातभर खाली जुना काळा दगड निघाला. शेंदूर लागला. वडील भांडणारे होते, पण देवाशी भांडायला कोणत्या तोंडाने जाणार? पहिल्या वर्षी कट्टा झाला, दुसऱ्या वर्षी मंडप, तिसऱ्या वर्षी विहीर मंडपात गेली. आम्ही गाव सोडलं. वडील मरेपर्यंत एकच विचारायचे: तो दगड चुलत्याला दिला कुणी? आमच्या रानात तसला दगड सापडतच नाही.

संध्याकाळी प्रकाश परतला. ओटीवर बसून त्याने मोबाइलवर मला एक नकाशा दाखवला. आपला देश होता, पण सुजलेला. पश्चिमेकडे डोंगर ओलांडून गेलेला, पूर्वेकडे बेटं गिळलेला, आणि खाली अख्खा समुद्र एकाच रंगात. एक महाराज आहेत म्हणाला, नाव सांगितलं नाही. त्यांना ही हद्द दिसली.

"देवानं आखून दिलेली हद्द आहे, शेट. अलॉटमेंट झालंय. फक्त पझेशन घ्यायचं बाकी आहे."

"आणि तिथे जे राहतात ते?"

"ते पण आपलेच होतील ना. फायदाच आहे त्यांचा." तो इतक्या सरळपणे बोलला की त्यात लबाडी शोधूनही सापडली नाही. मला लबाड माणसाशी व्यवहार करता येतो. याच्याशी कसा करायचा?

मग खांबाचं सांगितलं. ही वाडी म्हणजे देशाचं समुद्राकडचं टोक. इथून पुढची हद्द सुरू होते. म्हणून सीमेचा खांब इथे हवा. पण विकत आणलेल्या खांबाला कोण नमस्कार करणार? म्हणून मी आणून द्यायचा, आठ दिवस मातीत राहू द्यायचा, आणि महाराजांना दृष्टांत झाला की काढायचा.

मी उठून उभा राहिलो. चाळीस वर्षं जो प्रश्न वडिलांनी विचारला होता त्याचं उत्तर ओटीवर माझ्या चपला घालत होतं. आमच्या चुलत्यालाही कुणीतरी माझ्यासारख्यानेच दगड विकला असणार. चांगला भाव घेऊन, पावती न देता.

मी प्रकाशला जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. आळीतली माणसं कुंपणाशी जमली. काकू स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने सगळं ऐकलं.

"म्हंजे माजी वाडी?" एवढंच ती म्हणाली.

"फक्त टोक, काकू. चार गुंठे," प्रकाश म्हणाला.

पुन्हा वाडीत, तिसरा दिवस

मी निघून जायला हवं होतं. पण मला हरायची सवय नाही, आणि रात्रभर विचार करून मी एक डाव शोधला होता.

राखणदाराचा दगड मी पहिल्या दिवशीच धंद्याच्या नजरेने पाहिला होता. वरची ढाल एका हाताची, सफाईदार. पण कडेवरचे छिन्नीचे घाव वेगळे होते, जाड आणि फार जुने. पोर्तुगीजांनी दगड खाणीतून आणलेला नव्हता. आधी कुणीतरी घडवलेला उचलला होता. म्हणजे खाली, मातीत तोंड करून, दुसरी बाजू असणार. दुर्मीळ कोरीव दगड निघाला तर सरकारी पुरातत्त्वाकडे अर्ज करायचा. एकदा सरकारी पाटी लागली की प्रकाशचा खांब वाडीत येणार नाही.

काकूला पटेना. "त्याला उठवू नका, दादा. निजलाय तो."

"मावशी, तो निजलाय म्हणूनच हे चाललंय. त्याला साक्षीला उभा करू."

तिने बराच वेळ पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "मंग तुमी बोला त्याच्याशी. बाप्या मानसानंच बोलायला लागतं."

ताजा पाव आणला. बशीशेजारी वाटीत दारू ओतली. मी मिरजेचा व्यापारी, एका पोर्तुगीज भुतापुढे हात जोडून उभा राहिलो. आळीतले पाच-सहा जण पाहत होते. मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं की हे सगळं तुमचं आहे. आता एका पावावर वाडी राखताय. ती राखण्यासाठीच तुम्हाला जरा उलटतो. राग नसावा."

कुणी हसलं नाही. काकूने डोळे मिटलेले होते.

नारळ पाडणारे दोघे पहारी घेऊन आले. दगड सहज उलटला, कुणीतरी आतून हात दिल्यासारखा. खालच्या जागेत एकही गांडूळ नाही, मुंगी नाही, मुळी नाही. कोरडी, गुळगुळीत, दगडाच्या आकाराची जागा, आणि ती ऊन होती. मी हात लावून पाहिला.

काकूने पाणी ओतलं, माती निघाली. वर चंद्र आणि सूर्य. मधे झिजलेल्या अक्षरांच्या ओळी. खाली गाढव आणि बाई, बघवणार नाही असं चित्र. मी ओळखलं. याला गधेगाळ म्हणतात. कुठल्या तरी जुन्या राजाने कुणाला तरी जमीन दिली, ती चंद्रसूर्य असेपर्यंत त्याचीच, आणि जो ती बळकावेल त्याच्या आईला ही शिवी. पोर्तुगीजांनी तो लेख पालथा घालून पाठीवर स्वतःची ढाल कोरली होती. एकाच दगडावर दोघांनी आपापल्या देवाच्या नावाने कायमचं लिहून ठेवलं होतं, आणि तिसऱ्याला जागा शिल्लक नव्हती. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मागून प्रकाशचा आवाज आला, "अरे देवा."

तो कधी आला मला कळलं नाही. तो गुडघ्यांवर बसला. नाटक नव्हतं.

"आपलाच निघाला. आपण खोटा आणायला निघालो होतो, शेट, आणि खरा इथंच होता. त्यांच्या क्रूसाखाली! चंद्रसूर्य असेपर्यंत. लिहूनच ठेवलंय."

"लेका, ते तुझ्यासारख्याला दिलेली शिवी आहे! खाली बघ. गाढव बघ!"

त्याने खाली पाहिलंच नाही. आळीतली माणसं पुढे सरकली. एका म्हातारीने दगडाला डोकं टेकवलं. कुणीतरी हळद आणायला पळालं. मी ओरडत होतो, आणि मी जितका ओरडत होतो तितकी माणसं रस्त्यावरून आत येत होती.

दुपारपर्यंत दगड उभा राहिला. पाच फुटांपैकी दोन फूट जमिनीत गाडावेच लागतात, नाहीतर उभा राहत नाही. ते दोन फूट म्हणजे गाढवाचा भाग. शाप मातीत गेला, चंद्रसूर्य वर राहिले. ढालीची बाजू मागे, कुंपणाकडे.

काकू माझ्याकडे आली. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुमी सौदेवाले ना? मंग माज्या वतीनं बोला त्याच्याशी."

आयुष्यात एवढ्या चिकाटीने मी कधी बोललो नाही. प्रकाशला अख्खं टोक हवं होतं. मी एकेका माडावर अडून बसलो. शेवटी ठरलं की वाकड्या माडापर्यंत देवाचं, पुढे काकूचं. वाकडा माड काकूकडे. प्रकाशने दगडावर हात ठेवून शपथ घेतली. माझ्यासमोर फक्कीची पांढरी रेघ मारली, वाकड्याच्या अलीकडे, दगडाच्या बाजूला दोन हात. मी स्वतः दोरी धरली होती.

चौथा दिवस

सकाळी उन्हं आल्यावर चूळ भरत वाडीत गेलो. रेघ वाकड्या माडाच्या पलीकडे होती.

मला आधी वाटलं मी चुकीच्या बाजूने पाहतोय. फिरून पाहिलं. पांढरी, सरळ, एकसंध रेघ, काकूच्या बाजूला माडाच्या पुढे दोन हात. कालच्या जागी फक्कीचा कणही नाही. जमीन सारवलेली नव्हती, झाडलेली नव्हती, रात्रीच्या दवाने ओली होती, आणि तिच्यावर कुणाचं पाऊल नव्हतं. फक्की मी बोटाने उचलून पाहिली. ती दवाखाली भिजून घट्ट झालेली होती, म्हणजे दव पडायच्या आधीची. काल संध्याकाळी दव पडायला लागलं तेव्हा मी, काकू आणि प्रकाश इथेच उभे होतो.

प्रकाश मंडपाचे बांबू उतरवून घेत होता. मी त्याची कॉलर धरली. "शपथ घेतलीस ना रे हरामखोरा?"

त्याने रेघ पाहिली. त्याचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू उजळला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मी हात नाही लावला, शेट. आईची शपथ." त्याने माझ्या मुठीतच हात जोडले. "स्वयंभू देव दरसाल तिळभर वाढतो म्हणतात ना? हा वाढतोय."

मी बत्तीस वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघून भाव ठरवलेत. तो खोटं बोलत नव्हता. मी कॉलर सोडली.

मी बोलावलेला तलाठी आला, चपला लांब काढून आत गेला आणि अंगारा लावून परतला. पुरातत्त्वाच्या साहेबाला मी फोटो पाठवला. तो म्हणाला, पूजेतला दगड आहे, हात लावता येत नाही. काकूने निघताना मला ओल्या काजूंची पुडी दिली. मी तिला माझ्याबरोबर चल म्हणालो.

"वाडी कोन बगंल?" ती म्हणाली.

मिरजेला आल्यापासून मी दर चार दिवसांनी फोन करतो. समुद्रावर दर्शनाच्या रांगा लागतात म्हणे, अलिबागपासून गाड्या येतात. महाराज येऊन गेले. मी नव्या रेघेबद्दल विचारतो. काकू माडाचं नाव सांगते. वाकडा गेला, थोरला गेला, सासूबाईंचा गेला. मी प्रत्येक वेळी विचारतो, रात्री कुणाला पाहिलं का? ती म्हणते, कुनी येत न्हाय.

मी कुणाशीही घासाघीस करू शकतो, फक्त तो माणूस समोर बसायला हवा. परवा पुन्हा काकूला फोन केला. मागे टाळ वाजत होते. मग तिने आवाज अगदी खाली आणला, जवळ कुणीतरी निजलं असावं असा.

"दादा, त्याला कुनीतरी सांगा ना," ती म्हणाली, "म्होरं माजं घर हाय."